केशरच्या वाट्याचं तेल

बोरटेकमध्ये दिवाळीच्या गवळणी कुणाच्या चांगल्या व्हायच्या, असं विचारलं तर जुन्या बाया एकच नाव घेतील. मनकर्णाचं. आणि नाव घेऊन झालं की गप्प बसतील. का गप्प बसतात, तेच सांगायचं आहे.

शेवगावच्या पूर्वेला जसजसं जावं तसतशी माती हलकी होत जाते आणि माणसं चिवट. त्या अंगाला दिवाळीत किल्ले-बिल्ले कुणी करत नाही. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत रोज सकाळी अंगणात सडा टाकायचा आणि ओल्या शेणाच्या गवळणी मांडायच्या. एक डोक्यावर हंडा घेतलेली, एक जात्यावर बसलेली, एक ताक घुसळणारी. मध्ये कृष्ण, त्याचा पेंद्या, भोवती गाया-वासरं. पाडव्याला पाच पांडव. हे काम मायलेकींचं. पुरुषांना मनाई नाही, पण त्यांच्या हातून धड गवरी थापली जात नाही, तिथं गवळण कसली जमतेय!

बाकीच्या बायांच्या गवळणी म्हणजे एक गोळा खाली, एक गोळा वर. झाली गवळण, चला भाकरीला. मनकर्णाची घुसळणारी गवळण मात्र खरीच दमलेली दिसायची. एक गुडघा वर, एक मोडलेला, कंबर किंचित तिरकी. शेजारणी म्हणायच्या, "बया, हिला पाणी तरी द्या गं कुणी." ही कला तिनं आईकडून उचललेली, तिकडं कर्जतच्या बाजूला. आणि ती लेकीच्या हातात घालायला तिनं केशर तीन वर्षांची असल्यापासून सुरुवात केली होती. रोज तांबडं फुटायच्या आत दोघी अंगणात. "बोट आधी पाण्यात बुडव. आता दाब. हळू! गवळण हाय ती, ढेकूण न्हाई." पोरगी खिदळायची. माय मोठे गोळे वळायची, लेक हंडे, हंड्यांवर रचायच्या लगोऱ्या, वासरांची शेपटं करायची. शेवटी जोंधळ्याचे दाणे घेऊन डोळे बसवायचे, ते केशरच्या बारीक बोटांचं काम. शेणाचे हात तसेच ठेवून दोघी मग पाच पावलं मागं सरायच्या आणि बघत राहायच्या. मनकर्णाला आयुष्यात सुख म्हणून जे काही मिळालं असेल, ते एवढंच. वर्षाला पाच-सहा सकाळी.

केशरच्या आधी तीन पाळणे रिकामे झाले होते. एक आठ दिवसांचं गेलं, एक सव्वा महिन्याचं. तिसरं तर चांगलं रांगत होतं, उंबऱ्यापर्यंत यायचं. चौथ्या खेपेला दिवस गेले तेव्हा गावात सप्ता बसला होता. मनकर्णानं बुवांपुढं पदर पसरला आणि तुळशीची माळ घालून घेतली. म्हणाली, "ह्ये जगलं तर ह्याच्या बी गळ्यात माळ घालीन. मासमच्छी ना माज्या तोंडी लागंल ना ह्याच्या." केशर जगली. बाराव्या दिवशी नाव ठेवलं आणि त्याच दिवशी तिच्या मुठीएवढ्या गळ्यात माळ पडली.

आता पोर देवानं जगवली की बनुबाई सुइणीच्या हाताला यश आलं, हा वाद कुणी घालावा? मनकर्णाचं गणित सरळ होतं. माळ आहे तोवर पोर आहे. घरातली बाकीची माणसं यात्रेला बकरं खायची. सासू आक्काबाई तर हाडं फोडून खाणारी. पण मनकर्णानं आपली आणि पोरीची भांडी वेगळी ठेवली होती आणि त्याबद्दल तिला कुणी बोललेलं नव्हतं.

एकाहत्तरला पावसानं दगा दिला आणि बहात्तरला त्यानं तोंडच दाखवलं नाही. विहिरींचे तळ दिसले. नवरा भिमाजी बैलजोडी आणि गाय घेऊन लांब गुरांच्या छावणीवर जाऊन बसला. गुरं जगली तर आपण जगू, असं म्हणून गेला तो पंधरा-पंधरा दिवस तोंड दाखवायचा नाही. मनकर्णा रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. हातोडा, दगड आणि ऊन. शेजारची रंगुबाई तिच्या जोडीला असायची. रंगुबाईचीही एकच पोर, बायडा, केशरच्याच वयाची. दोघी पोरी खडीच्या ढिगामागं बसून दगडाच्या भुकटीत रेघोट्या ओढायच्या. खायला रेशनच्या लाल मिलोची, म्हणजे परदेशी जोंधळ्याची, भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी. भाजीपाला नावाची वस्तू कुठं उरलीच नव्हती. शेळ्यांना पाला मिळत नव्हता, तिथं माणसांची काय कथा. दूध तर स्वप्नातसुद्धा पातळ यायचं.

पोळ्याच्या सुमाराला केशरचं काहीतरी बिनसलं. दिवस कलला की पोरगी जागची हलेना. पाणी आण म्हटलं तर बसून राही. मनकर्णाला वाटलं, आळस. दिवसभर खडी फोडून आलेल्या बाईच्या अंगात समजून घ्यायला त्राण कुठं असतं? ती खेकसायची. मग एका संध्याकाळी केशर चुलीजवळून जाताना आक्काबाईच्या हातावर पाय देऊन गेली, तशीच भिंतीला जाऊन धडकली आणि तिथंच चाचपडत उभी राहिली.

आक्काबाईनं ओळखलं. "मनकर्णे, पोरीला रातांधळं झालंय."

"काय बी बोलू नका, आत्याबाई."

"माज्या भावाला झाल्तं. शेरडाचं काळीज भाजून घातलं आन् आठ दिसांत चांदण्या मोजाया लागला. न्हाई घातलं तर डोळं जात्यात. आमच्या गावात एक गेल्तं तसं."

"काळजाचं नाव काढू नका. तिच्या गळ्यात माळ हाय."

"आगं, अवशिद हाय ते!"

"अवशिद आसू द्या न्हाईतर अमृत आसू द्या," मनकर्णा म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. डोळे जातात, हे तिनं नीट ऐकलं होतं. पण तिला रांगणारं तिसरं मूल आठवत होतं. डोळे गेले तर पोर राहते. माळ गेली तर पोरच जाईल. असं होतं सगळं. कुणाला वेडेपणा वाटेल, पण ज्याचे तीन पाळणे रिकामे झाले नाहीत त्यानं हसू नये.

पुढच्या आठवड्यात रंगुबाईची एक शेळी चाऱ्यावाचून मरायला टेकली, म्हणून तिनं ती कापली. आक्काबाई काही गप्प बसणारी नव्हती. ती जाऊन काळजाचा तुकडा घेऊन आली. सून कामावर, घरात आजी आणि नात. म्हातारीनं निखाऱ्यावर तुकडा भाजला, मीठ लावलं आणि पोरीच्या तोंडात घातला. त्याच दिवशी नेमका मनकर्णाच्या हातोड्याचा दांडा मोडला आणि मुकादमानं तिला दुपारीच घरी धाडलं. दारात पाऊल टाकलं तोच वास आला.

तिनं काही विचारलं नाही. केशरचा जबडा धरला, बोट आत घातलं आणि घास काढून बाहेर फेकला. मग चुळा भरायला लावल्या. एक नाही, दोन नाही, अकरा. घागरभर पाण्यासाठी दोन कोस जावं लागायचं त्या दिवसांत, आणि ही बाई पोरीला चुळांवर चुळा भरायला लावत होती. केशर रडत रडत म्हणाली, "आये, लई चांगलं लागत हुतं गं." महिनाभर मिलो खाल्लेलं पोर ते, त्याला चांगलं लागणार नाही तर काय!

आक्काबाई उठून उभी राहिली. "तुजा देव आन् तू. पर डोळं पोरीचं हायेत, एवढं ध्यानात ठेव." त्या दिवसापासून म्हातारीनं सुनेशी अबोला धरला.

घटस्थापनेच्या दोन दिवस आधी कामावर शेवगावच्या दवाखान्यातल्या एक नर्सबाई आल्या. पांढरं पातळ, पायात वहाणा, बरोबर औषधांची पेटी. त्यांनी खडीच्या ढिगाशीच पोरांना रांगेत बसवलं आणि एकेकाच्या पापण्या वर करून बघितल्या. केशरच्या डोळ्यांत बराच वेळ बघत राहिल्या. मग पेटीतून एक तपकिरी बाटली काढून मनकर्णाच्या हातात दिली.

"रोज दोन चमचे. महिनाभर. एक दिवस चुकवायचं नाही. स्पष्टच सांगते बाई, चुकवलंत तर पोरगी आंधळी होईल."

मनकर्णानं बूच काढून वास घेतला. "बाई, कशाचं हाय ह्ये?"

"माशाचं तेल."

नर्सबाईंकडं बाटल्या पाचच होत्या आणि बायडाचा नंबर सातवा लागला. तिलाही संध्याकाळचं दिसत नव्हतं. उरलेल्यांना पुढच्या खेपेला देते, असं सांगून नर्सबाई निघून गेल्या. रंगुबाई रिकाम्या हातानं ढिगावर येऊन बसली आणि तिनं पुन्हा हातोडा उचलला.

ती बाटली तीन दिवस मनकर्णाच्या घरात कोनाड्यात होती. फेकावी तर औषध, ठेवावी तर जीव खातेय. पहाटे उठून ती बूच काढायची, पुन्हा लावायची. केशर विचारायची, "आये, ते कवा पाजायचं?" मनकर्णा म्हणायची, "बघू." एकदा तर तिनं चमचा भरलासुद्धा. केशरनं आ केला. आणि केशरच्या गळ्यातली माळ मनकर्णाच्या नजरेला पडली. चमचा तसाच बाटलीत उलटा झाला.

तिसऱ्या दिवशी तिनं बाटली पदराखाली घेतली आणि रंगुबाईच्या घरी गेली. "घे. बायडाला पाज. कुणाजवळ बोलू नको. माज्या केशरजवळ तर आजिबात न्हाई."

रंगुबाईनं विचारलं, "आगं, आन् केशरला?"

"तिला देव बघंल."

रंगुबाईनं बाटली घेतली. दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिला तरी दोष कशाला द्यायचा? आईच ती. केशरला मनकर्णानं सांगितलं, नर्सबाई परत घेऊन गेल्या. लेकीला बोललेलं ते तिचं पहिलं खोटं.

दसऱ्यानंतर गावात गोवर आला. घराघरांच्या दारांना कडुलिंबाचे डहाळे लागले. लिंब तेवढा त्या दुष्काळात हिरवा होता. केशर अकरा दिवस तापानं फणफणली. अंगावर बोट ठेवायला जागा नाही, डोळे चिपडांनी चिकटलेले, जरा दार उघडलं तरी उजेड नको म्हणून किंचाळायची. मनकर्णानं काम सोडलं आणि उशाशी बसून राहिली. गावात त्या साथीत तीन पोरं गेली. केशर राहिली.

बाराव्या दिवशी पोरगी उठून बसली आणि तिनं भाकर मागितली, तेव्हा मनकर्णा घरभर नाचायची तेवढी राहिली. अबोला धरलेल्या सासूपुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बघितलं, आत्याबाई? माळ राखली म्हनून पोर राहिली. घातलं आसतं ना काळीज, मंग आज कुटं आसती?" आक्काबाईनं पोरीपुढं पाण्याचा तांब्या सरकवला. पोर समोर भाकर खात होती. डोळ्यांतून पाणी गळतंय, पोर मान खाली घालून बसतेय, हे मनकर्णाला दिसत होतं. पण गोवरानंतर तसं होतंच, असं तिनं स्वतःला सांगितलं. माणूस एकदा जिंकलं की त्याला हरलेलं दिसत नाही.

दिवाळी आली. कसली दिवाळी! तेल नाही, गूळ नाही. गोठा मोकळा. पण भिमाजीनं छावणीवरून येणाऱ्या एका गाड्याबरोबर पाटीभर शेण धाडलं. निरोपही होता: पोरीला गवळणी करू द्या. त्या अबोल माणसाला एवढं बरोबर सुचलं. उसाचं वाढं खाऊन गुरांचं शेण भरभरीत झालेलं, वळायला गेलं की तुटायचं. मनकर्णानं त्यात पांढरी माती कालवली, पाणी शिंपडत शिंपडत मळलं, तेव्हा कुठं गोळा धरू लागलं. जोंधळा नव्हता, म्हणून डोळ्यांसाठी वाटीत मूठभर लाल मिलो घेतला.

वसुबारसेच्या पहाटे दोघी अंगणात बसल्या. मनकर्णा घुसळणाऱ्या गवळणीची कंबर वळत होती. केशर म्हणाली, "आये, औंदा घुसळनारी नको."

"का गं?"

"ताक कुनाकडं हाय? खडी फोडनारी करू."

मनकर्णा हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. "व्हय गं माजी शानी!" मग काय, दोघींनी मिळून खडी फोडणाऱ्या तीन गवळणी केल्या. हातात काडीचे हातोडे. पुढ्यात खऱ्या खडीचे ढीग. केशरनं आपल्या मनानं एक मुकादम केला, त्याला एवढं मोठं पोट लावलं आणि म्हणाली, "ह्यो सुकडी खाऊन खाऊन फुगलाय." रंगुबाई बघायला आली आणि पोट धरधरून हसली. पोरीचे हात शिकलेले होते. ते डोळ्यांना विचारत नव्हते. म्हणून त्या सकाळी मनकर्णाला काहीच कळलं नाही. डोळे बसवायच्या वेळेला केशर म्हणाली, "तूच लाव आज, मला कटाळा आला," आणि मनकर्णानं लावले.

दुसऱ्या दिवशी पहाटे बायडाही येऊन बसली. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. मनकर्णा म्हणाली, "केशर, आज डोळं तूच लावायचं. कटाळ्याची नाटकं न्हाई चालायची."

केशरनं दाणा घेतला आणि गवळणीच्या गळ्यात दाबला. दुसरा घेतला, तो कपाळाच्याही वर, केसांत. मनकर्णानं ते काढले. "नीट बघ." पुन्हा एक दाणा गालाखाली. एवढ्या मेहनतीची गवळण, तिचं तोंड दाबून दाबून बसलं. मनकर्णाचा तोल गेला. तिनं शेणाच्या हातानं पोरीच्या पाठीत एक ठेवून दिली. "ध्यान कुटं हाय तुजं? मुद्दाम करतीस व्हय?"

केशर पुढं झुकली आणि वाटी उलटली. मिलोचे लाल दाणे मातीत सगळीकडं विखुरले. बायडा पटकन खाली बसली आणि त्या अंधुकात एकेक दाणा वेचून वाटीत टाकू लागली. टक, टक, टक. मातीच्याच रंगाचे दाणे. एक चुकला नाही.

मनकर्णा तिच्याकडं बघत राहिली. "बायडे, तुला दिसतं एवढ्या अंधारात?"

"दिसतं की, मावशे. आयेनं कसलं तेल पाजलं. लई घान लागायचं. पर आता समदं दिसतं."

केशर जमिनीवर हात फिरवत होती. तिचा हात दाण्यांवरून जात होता आणि दाणे तसेच राहत होते.

मनकर्णानं तिची हनुवटी धरली, तोंड पूर्वेकडं वळवलं आणि उजेड येईपर्यंत तशीच धरून बसली. उजेड आला. डाव्या बुबुळावर दुधावरच्या सायीसारखा पांढरा पापुद्रा होता. उजवं कोरडं, मळकट, मेलेल्या माशासारखं. बाई गं! आई असून महिनाभर या डोळ्यांत तिनं वाकून बघितलं नव्हतं, कारण बघायचं भ्या वाटत होतं.

"मला दिसतंय गं थोडं," केशर म्हणाली. "तू मारू नको. मी नीट लावते."

मनकर्णा तशीच शेणाच्या हातांनी रंगुबाईच्या घराकडं धावली. "बाटली दे! उरलंय का? थेंबभर तरी उरलंय का?" रंगुबाई कावरीबावरी झाली. बाटली दोन दिवसांपूर्वीच संपली होती. शेवटी तिनं ती गरम पाण्यानं धुतली होती आणि ते पाणीसुद्धा बायडाला पाजलं होतं. मनकर्णानं रिकामी बाटली उलटी धरून तळहातावर आपटली, पुन्हा आपटली. मग उंबऱ्यात बसून ती जी रडायला लागली, तिला उठवायला आक्काबाईला यावं लागलं. म्हातारीनं दीड-दोन महिन्यांचा अबोला मोडला. "रडाया नंतर रड. पोरीला घे आन् नीघ," एवढंच म्हणाली.

पोरीला पाठुंगळी मारून ती शेवगावपर्यंत चालत गेली. ऐन दिवाळी, दवाखान्याला कुलूप. लोकांना विचारत विचारत नर्सबाईंच्या खोलीवर पोचली. त्यांनी पापणी वर केली आणि हात खाली घेतला. "तेल दिलं होतं ना मी?" असं विचारलं. मनकर्णानं मान खाली घातली. नर्सबाई रागावल्या नाहीत, तेच वाईट झालं. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली आणि म्हणाल्या, "आजच्या आज नगरला जा. मोठ्या दवाखान्यात."

एस.टी. मिळून नगरला पोचेपर्यंत रात्र झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी बॅटरी मारून दोन्ही डोळे बघितले. पुन्हा बघितले. तरुणच होते, पण दुष्काळात असली पोरं बघून बघून आवाज कोरडा झालेला.

"डावा फुटलाय. उजव्यात उजेड आणि अंधार एवढं कळेल, त्यापुढं काही नाही. गोवराआधी पोटात तेल गेलं असतं, तर आज हिला ठणठणीत दिसलं असतं."

"माजा डोळा काढून तिला लावा, डाक्टरसायब."

"तसं होत नसतं, बाई." त्यांनी कपाटातून एक बाटली काढली. "हे पाज तरीसुद्धा. आता डोळ्यांसाठी नाही, जिवासाठी. पोर वाळून गेलीय. पुन्हा काही आजार आला तर झेपणार नाही तिला."

मनकर्णानं गळ्यातली माळ धरली आणि ओढली. दोरा पक्का होता, तुटेना. तिनं ती डोक्यावरून काढली आणि पदराच्या गाठीत बांधली. मग केशरची काढली. बाहेरच्या बाकावरच्या बाया बघत होत्या. तिला त्याचं काही वाटलं नाही. जो देव पोरीच्या डोळ्यांवर जगतो, त्याच्याशी तिचं बोलणं संपलं होतं. निदान त्या घटकेला तरी.

स्टँडवर शेवगावच्या गाडीला वेळ होता. दोघी खांबाशी बसल्या. सणाची गर्दी, नव्या कपड्यांतली पोरं, आरोळ्या. केशर आवाजांकडं तोंड वळवत होती. मग ती आईच्या कानाजवळ सरकली.

"आये, पिशवीत तेच तेल हाय ना? माशाचं?"

"व्हय."

"मला पाज. मी माज्या मनानं पिते. देवाला मी सांगीन, आयेनं न्हाई पाजलं म्हनून. तुला पाप न्हाई लागायचं."

मनकर्णानं बूच काढलं आणि चमचा नव्हता म्हणून तळहातावर तेल ओतलं. केशरनं आईचा हात दोन्ही हातांनी धरून ते पिऊन टाकलं. तोंड वाकडं केलं, तळहात चाटून स्वच्छ केला आणि पाठ ताठ करून, मान वर करून बसली. वाट बघत होती.

"किती दिसांनी दिसंल?"

"लवकर" हा शब्द मनकर्णाच्या ओठांवर आला होता. एक खोटं पचलं होतं, दुसरं बोलणं सोपं होतं. पण तिच्यानं झालं नाही.

"न्हाई दिसायचं, केशर. उशीर झाला. नर्सबाई बाटली परत घेऊन गेल्या न्हाईत. मीच दिली ती रंगुबाईला."

स्टँडवर कुठली तरी गाडी आली आणि गेली.

"म्हंजी बायडानं माजं तेल पिलं?"

"व्हय."

"तिला आता दिसतं?"

"व्हय."

"समदं दिसतं?"

"समदं," मनकर्णा म्हणाली.

केशरनं आईच्या मुठीतून आपला हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. शेवगावची गाडी लागली. माणसं दाराकडं धावली. मनकर्णानं पिशवी उचलली आणि पोरीला धरायला हात पुढं केला, तर केशर आधीच उठून लोकांच्या मागं लागली होती. तिनं दाराची लोखंडी दांडी चाचपडत शोधली आणि एकेक पायरी आपली आपण चढली. मनकर्णा खाली दोन्ही हात पुढं करून उभी होती.